दोन पोकळ वर्तुळं

बोर्डाच्या विभागीय कार्यालयातल्या त्या लांब बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. एका टोकाला मी, माझ्या शेजारी माझे वडील, आप्पा, आणि मधे दोन माणसांची जागा सोडून कुंदा तायडे. साडेदहा झाले होते. चौकशी अकराला होती.

आप्पा पाणी कुठे मिळतंय ते बघायला उठून गेले, तशी कुंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय सांगणार आहेस?"

"जे आहे ते."

"सरांना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगायचंय?"

ती मांडीवरच्या कापडी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. तिच्याबरोबर घरचं कोणी आलं नव्हतं. वडील कालव्यावर पाणी सोडायच्या कामाला होते, त्यांना रजा मिळाली नव्हती. पहाटेच्या एसटीनं ती एकटीच आली होती. आम्हीही त्याच गाडीत होतो, पण आम्ही पुढे आणि ती मागे.

बारावीचा निकाल लागून साडेतीन आठवडे झाले होते. कॉलेजच्या यादीत आमच्या दोघींच्या नावांपुढे गुणांच्या जागी 'राखीव' असा शिक्का होता. तळेले हेमलता, तायडे कुंदा. आडनावं लागोपाठची, म्हणून बैठक क्रमांकही लागोपाठचे. बाकांची मांडणी नागमोडी असल्यामुळे मी एका ओळीत शेवटी होते आणि ती शेजारच्या ओळीत शेवटी. चार दिवसांनी रजिस्टर पत्र आलं. गणिताच्या पेपरातल्या पाचव्या प्रश्नाच्या उत्तरात संशयास्पद साम्य आढळलं आहे, तरी समितीसमोर हजर राहावं.

प्रश्न असा होता की एक लांबलचक पद सोपं करायचं आणि त्याचा उणे एकशे ऐंशीपासून एकशे ऐंशी अंशांपर्यंतचा ग्राफ काढायचा. वर 'एक अधिक साइन दोन एक्स उणे कॉस दोन एक्स', खालीही तेच, फक्त कॉसच्या आधी अधिक. सोडवत गेलं की वरखाली एकच कंस निघतो. तो उडवला की हातात राहतो नुसता टॅन एक्स. टॅनचा ग्राफ सगळ्यांनाच पाठ होता. ज्यांनी ज्यांनी प्रश्न सोडवला, त्यांनी त्या खालून वर चढत जाणाऱ्या रेषा काढल्या होत्या. आमच्या दोघींच्या पेपरांत मात्र रेषांवर दोन बारीक पोकळ वर्तुळं होती. एक उणे पंचेचाळीसवर, एक एकशे पस्तीसवर. साऱ्या केंद्रात दुसऱ्या कोणीही ती काढली नव्हती. नमुना उत्तरातही नव्हती.

आप्पा आमच्याच कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. दर मार्चला बोर्डाचं परीक्षा केंद्र तेच सांभाळायचे, पण त्या वर्षी मी परीक्षेला बसले म्हणून त्यांनी स्वतःहून ते काम सोडलं होतं. पत्र वाचून त्यांनी मला एकदाच विचारलं, "हेमा, तू बघून लिहिलंस का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग झालं."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला त्यांनी मला टेबलाशी बसवलं. तेच पद, तोच ग्राफ. मी कुठे अडले की म्हणायचे, "परत." तिसऱ्या आठवड्यात मी ते गणित डोळे मिटून करू शकत होते.

"आधी मुलींना बोलावलंय. पालकांनी बाहेर थांबायचं," अकराला दार उघडून शिपाई म्हणाला.

पाणी घेऊन परतलेल्या आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कुंदाकडे बघून म्हणाले, "घाबरू नकोस गं." ती उठून उभी राहिली आणि "हो सर" म्हणाली.

आत टेबलामागे दोघंजण होते. समितीचे अध्यक्ष, जाडजूड, सतत घाम पुसणारे. त्यांच्या डाव्या हाताला विषयतज्ज्ञ म्हणून आलेल्या कारखानीस बाई. साठीच्या, बारीक, केसांत पेन्सिल खोचलेली. बाजूला एक कारकून लिहायला बसला होता.

अध्यक्षांनी आधी नियम वाचून दाखवला. "बघून लिहिणारा आणि दाखवणारा, दोघांना शिक्षा एकच. निकाल रद्द, आणि पुढच्या दोन परीक्षांना बंदी. समजलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तळेले सरांची मुलगी ना तू?"

"हो."

"सरांना ओळखतो मी. सरळ माणूस."

कारखानीस बाईंनी आम्हाला टेबलाच्या दोन टोकांना बसवलं. कोरे कागद दिले. "पाचवा प्रश्न आठवतोय ना? सोडवा."

मी चार मिनिटांत पूर्ण केला. रेषा काढल्या, वर्तुळं काढली, पेन खाली ठेवलं. कुंदाच्या कागदावर तेव्हा दोन ओळीच झाल्या होत्या आणि त्यातली एक खोडलेली होती. तिचा हात घामानं ओला झाला होता, शाई फिसकटत होती. ती ओढणीच्या टोकाला हात पुसायची आणि परत लिहायची.

अध्यक्षांनी आधी माझा कागद बघितला, मग तिच्याकडे बघितलं. "काय गं, तुझ्याच पेपरातलं आहे ना? विसरलीस?"

"नाही साहेब. करते."

बाई माझ्या कागदावरून पेन्सिल फिरवत होत्या. "ही वर्तुळं कशासाठी, हेमलता?"

"आपण जो कंस उडवला त्यात साइन अधिक कॉस होता. तो जिथे शून्य होतो तिथे मूळ पदात वरही शून्य आणि खालीही शून्य. शून्यानं भागता येत नाही. म्हणून तेवढा बिंदू ग्राफमध्ये नसतो."

"अगदी बरोबर. नमुना उत्तर करणाऱ्यांच्याही लक्षात आलं नाही हे," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काहीच बदललं नाही.

तोवर कुंदाचं झालं. उत्तर तेच, वर्तुळं तिथेच. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "बाई, एक चार मिनिटांत, दुसरी पंधरा मिनिटांत. मला तर चित्र स्पष्ट दिसतंय."

"मला अजून दिसत नाहीये," बाई म्हणाल्या. त्यांनी दोन नवीन कागद सरकवले आणि प्रत्येकावर एकेक ओळ लिहिली. साइन दोन एक्स, भागिले एक अधिक कॉस दोन एक्स. "हे सोपं करा आणि ग्राफ काढा."

हे पद मी आप्पांबरोबर केलेलं नव्हतं. पण सोपं होतं. वर दोन साइन कॉस, खाली दोन कॉसचा वर्ग. वरखाली कॉस उडवला, उत्तर परत टॅन एक्स. मला हायसं वाटलं. रेषा काढल्या. आता वर्तुळं. उडवलं काय? कॉस. कॉस शून्य कुठे होतो? नव्वदला आणि उणे नव्वदला. मी आडव्या अक्षावर त्या दोन्ही जागी दोन पोकळ वर्तुळं काढली आणि कागद पुढे केला.

कुंदाचा कागद या वेळी माझ्या आधीच बाईंच्या हातात होता. त्यावर एकही वर्तुळ नव्हतं.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"हेमलता, नव्वदला टॅनची रेषा कुठे असते?"

"वर जाते. वर जातच राहते."

"म्हणजे तिथे रेषा आहे?"

"नाही."

"मग जिथे रेषाच नाही, तिथला एक बिंदू तू वगळलास कसा?"

मी माझ्या त्या दोन वर्तुळांकडे बघत राहिले. ती रिकाम्या जागेत लटकत होती.

"कुंदा, तू का नाही काढलीस?"

"कॉस उडवला तरी एक कॉस खाली राहतोच, बाई. नव्वदला ग्राफ मुळातच तुटलेला असतो. त्या पेपरातल्या गणितात तसं नाही. तिथे रेषा नीट चाललेली असते आणि एक बिंदूच नसतो." "मी जानेवारीत तसल्याच एका गणितात किमती घालून बघत होते. उणे पंचेचाळीसला उत्तरच येईना. आधी वाटलं माझंच चुकतंय. दोन दिवस लागले मला."

बाईंनी केसांतून काढलेली पेन्सिल टेबलावर ठेवली आणि अध्यक्षांकडे बघितलं.

अध्यक्षांनी कपाळ पुसलं. "ठीक आहे. उत्तर हिचं आहे, मान्य. म्हणजे मग हिने दाखवलं. नियम वाचून दाखवलाय मी."

कुंदा झटकन म्हणाली, "दाखवलं नाही साहेब. शिकवलं. आम्ही एकत्र अभ्यास करायचो. ती वर्तुळांची गोष्ट मीच सांगितली होती हेमाला, म्हणून दोघींचं सारखं आलं. हे नव्वदचं तेवढं सांगायचं राहून गेलं."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"कुठे करायच्या अभ्यास?"

"सरांच्या घरी. ओट्यावर बसायचो संध्याकाळी."

"खरं का हे?" अध्यक्षांनी मला विचारलं. मला म्हणायचं काहीच नव्हतं, फक्त मान हलवायची होती. मी हलवली.

अध्यक्षांचा चेहरा सैलावला. त्यांनाही यातून सुटका हवी होती, असं आता मला वाटतं. "मग प्रश्नच मिटला. सर बाहेर आहेतच. बोलवा त्यांना, एक शब्द घेऊ आणि संपवू."

आप्पा आत आले. कुंदा पुन्हा उठून उभी राहिली. अध्यक्षांनी आप्पांना खुर्ची देऊ केली, पण ते बसले नाहीत.

"सर, एवढंच सांगा. ही मुलगी तुमच्या घरी तुमच्या मुलीबरोबर अभ्यासाला यायची ना? ओट्यावर बसून?"

आप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग कुंदाकडे. मग टेबलावरच्या कागदांकडे. त्यांना तिथून ग्राफ दिसत होते. मी मनात म्हणत होते, हो म्हणा, आप्पा, हो म्हणा. दोघींचंही भलं होईल.

"आमच्या घराला ओटा नाही," आप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"ही मुलगी आमच्या घरी कधी आलेली नाही. दोन वर्षं माझ्या वर्गात आहे. दहा मिनिटांच्या अंतरावर राहते. ती आली नाही आणि आम्हीही कधी बोलावलं नाही."

अध्यक्ष कुंदावर उखडले. "समितीसमोर खोटं बोलतेस? शिक्षकाच्या घराचं नाव घेऊन? म्हणजे दाखवलंस ते दाखवलंस, वर हे." ते कारकुनाला म्हणाले, "लिहून घ्या. तायडे कुंदा हिने..."

कुंदा उभीच होती. तिने फक्त मान खाली घातली, जणू काय होणार ते तिला सकाळीच ठाऊक होतं. कारकुनाच्या पेनाचा आवाज सुरू झाला. कारखानीस बाई एकट्याच माझ्याकडे बघत होत्या.

"मी बघितलं," मी म्हणाले.

माझा आवाज इतका बारीक निघाला की अध्यक्षांना ऐकू गेला नाही. मी परत म्हणाले, "साहेब, मी बघितलं. तिला माहीत नव्हतं."

पेन थांबलं.

"शेवटची दहा मिनिटं राहिली होती. मला तो प्रश्न येत नव्हता. कुंदा पुरवणी बांधायला दोरा आणायला उठली. पेपर बाकावर उघडा राहिला. ती परत येईपर्यंत मी उतरवून घेतलं. वर्तुळं का आहेत ते मला कळलं नव्हतं. मला वाटलं, ग्राफ काढायची तशी काही पद्धत असेल. ती आली तेव्हा माझं लिहून झालं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, तेव्हा तिला कळलं असावं. पण ती पर्यवेक्षकांना काही बोलली नाही."

आप्पांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचं सगळं लवकर झालं. माझा जबाब लिहून घेतला, सही घेतली. निकाल रद्द. बंदी दोन परीक्षांची होती, ती बाईंनी अध्यक्षांशी हळू आवाजात बोलून एकीवर आणली. म्हणजे ऑक्टोबर गेला, मार्च उरला. कुंदाचा निकाल आठ दिवसांत लावायचं ठरलं.

"आणि हिने समितीला खोटं सांगितलं, त्याचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते लिहिलंय का यांनी?" बाई म्हणाल्या.

कारकुनानं कागद बघितला. तिच्या नावापुढे वाक्य अर्धंच होतं. अध्यक्षांनी हात झटकला आणि त्यानं ती ओळ खोडली.

दुपारची दोनची एसटी होती. गाडी भरलेली. आप्पांनी तिघांची सीट धरली, कुंदाला हाक मारली आणि खिडकीशी बसवलं. मी मधे बसले. आप्पांनी एका थांब्यावर शेंगा घेतल्या, पुडी तिच्या हातात दिली. तिने चार घेऊन पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

कालव्याच्या फाट्याच्या अलीकडे आप्पांचा डोळा लागल्यासारखं वाटलं, तेव्हा मी तिला विचारलं, "तू खोटं का बोललीस?"

"मी खरं सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

तिचं खरंच होतं.

"मग सरांना आत बोलावलं असतं," ती म्हणाली. "त्यांची मुलगी एकीकडे आणि मी एकीकडे. कोणाचं खरं धरलं असतं?" तिने पिशवी खांद्याला अडकवली. "मला इंजिनिअरिंगला जायचंय, हेमा. मला तुझ्याशी भांडायचं नव्हतं, नुसतं सुटायचं होतं."

फाट्यावर ती उतरली. उतरताना आप्पांच्या गुडघ्याला धक्का लागला, तर "सॉरी सर" म्हणाली. मी तिची माफी मागितली नाही. गाडी निघाल्यावर मागे बघितलं, तर ती कालव्याच्या कडेनं भराभर चालत निघाली होती.

आप्पा झोपलेले नव्हते. समोर बघत म्हणाले, "टेबलाशी बसलो त्या पहिल्या सकाळी मी तुला विचारलं होतं, ही वर्तुळं कशाची. तू खिडकीबाहेर बघायला लागलीस."

मी मांडीवरची शेंगांची पुडी गुंडाळली.

"तेव्हाच कळलं मला. परीक्षेत स्वतः काढलेली गोष्ट माणूस दोन-तीन महिन्यांत अशी विसरत नाही."

"मग मला विचारलं का नाही परत?"

गावाची वीटभट्टी मागे गेली, पेट्रोल पंप गेला. लोक सामान काढायला उठू लागले.

"मग तीन आठवडे शिकवलं कशाला?" मी विचारलं.

"वाटलं, इतकं शिकवावं, की ते तुझंच होऊन जाईल," आप्पा म्हणाले. "आत मला विचारलं तेव्हाही तोंडाशी 'हो'च आलं होतं. ती पोरगी मी आत आल्यावर उठून उभी राहिली नसती, तर म्हणालोही असतो."

कुंदाला नव्वदच्या वर टक्के पडले. ती इंजिनिअरिंगला गेली आणि पुढे पाटबंधारे खात्यात लागली. मी मार्चमध्ये परत बसले, बेताचे गुण मिळाले, बी.एस्सी. केलं. आता वीस वर्षं एका शाळेत शिकवते. तिला मी पत्र लिहिलं ते फार उशिरा, माझं लग्न झाल्यावर. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं. आपण तेव्हा सतरा वर्षांच्या होतो, असं त्यात होतं, आणि सरांना नमस्कार.

आप्पांनी त्या जुलैमध्येच बोर्डाला पत्र लिहून परीक्षेचं प्रत्येक काम कायमचं सोडलं. निवृत्तीला अकरा वर्षं बाकी होती. कॉलेजात लोक म्हणायचे, मुलीनं सरांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. ते माझ्या कानावर यायचं, त्यांच्याही. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, आणि मीही नाही. गेल्या वर्षी आप्पा गेले. ते पत्र त्यांनी माझ्या गुन्ह्यासाठी नाही, स्वतःच्या त्या तीन आठवड्यांसाठी लिहिलं होतं, हे आज पहिल्यांदा मी कोणाला सांगतेय.